पानांच्या उंचीवरचा उजेड

९ जानेवारी

चि. दिवेबाईस,

अनेक आशीर्वाद.

मायन्यातच बराच वेळ गेला. पूर्वी मी ‘चि. सौ.’ लिहीत असे. तुझा आणि आमच्या चिरंजीवांचा घटस्फोट झाल्याला आता तीन वर्षं होतील, तेव्हा काय लिहावं ते कळेना. शेवटी तुझ्या सासूने, माईने ठेवलेलं टोपणनाव लिहिलं. आपल्या घरी आल्या-आल्या तू सगळे दिवे बदलले होतेस, म्हणून तिने तुला दिवेबाई केलं. ती गेली, पण नाव राहिलं.

पत्ता चष्मेवाल्याकडून मिळाला. तू अजून चष्मा त्याच्याकडूनच मागवतेस म्हणे. उत्तर पाठवलंस तर त्याच्याच दुकानावर पाठव, आमच्या दारावरची पेटी मोडली आहे. फोन करू नकोस, फोनवर मला अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं मी मनाने भरतो. त्यात भलतेच घोटाळे होतात.

काम असं आहे. मी यंदा टोमॅटो आणि वांग्याची रोपं खोलीतच केली आहेत, ट्यूबलाइटखाली. बी छान उगवलं. पण आता रोपं नुसती उंच चालली आहेत. देठ दोऱ्यासारखे, पानं फिकट, आणि सगळी एका बाजूला मान टाकून उभी. शाळेबाहेर उभ्या केलेल्या पोरांसारखी दिसतात. उजेड कमी पडतो म्हणावं, तर मला खोली लख्ख दिसते. नाटकाला उजेड देणं हा तुझा धंदा, तेव्हा उजेड पुरतो की नाही हे कसं ओळखायचं ते तूच सांग.

आयुष्यभर मोजणी खात्यात जमीन मोजली. दोन भावांमधला बांध बोटभर इकडचा तिकडे होऊ दिला नाही. पण उजेडाला मोजणीची साखळी कशी लावायची ते कोणी शिकवलं नाही.

चिरंजीव परदेशात खुशाल आहेत. मी मजेत.

नाना

२० जानेवारी

ती. नानांस,

सा. न.

पाकिटावरचं अक्षर बघूनच ओळखलं. तुमचा ‘द’ अजूनही काठी टेकून चालतो. पत्र दोनदा वाचलं, मग तिसऱ्यांदा फक्त रोपांसाठी वाचलं.

नाना, उजेडाच्या बाबतीत डोळ्यांवर विश्वास ठेवायचा नाही. अंधार पडला की डोळा बाहुली मोठी करून भागवून घेतो आणि आपल्याला वाटतं, आहे की भरपूर! रोपाला असं भागवून घेता येत नाही. त्याला उजेड बघायचा नसतो, खायचा असतो. उपाशी रोप उजेड शोधत वर धावतं, म्हणून तुमची पोरं काटकुळी झाली आहेत.

सोबत माझा जुना लक्समीटर पाठवते आहे. पांढऱ्या घुमटीवर पडेल तो उजेड तो लक्सच्या आकड्यात दाखवतो. मीटर तुमच्या डोळ्यांपाशी नाही, पानांच्या उंचीवर धरायचा. घुमटी दिव्याकडे, आणि आपलं डोकं मध्ये आणायचं नाही. नुकतं उगवलेलं असेल तर पाच हजार लक्स पुरे. बियातल्या पहिल्या दोन पानांनंतरची खरी पानं फुटली की दहा ते पंधरा हजार हवेत. हा मीटर माणसाच्या डोळ्यासाठी केलेला आहे, रोपाची भूक थोडी वेगळी असते, पण पांढऱ्या दिव्याखाली एवढा अंदाज चालतो. आणि दिवा जवळ आणा. बल्ब दुप्पट लांब नेला तर उजेड निम्मा होत नाही, पाव होतो. ट्यूब लांबोडकी असते, तिचा हिशेब जरा सैल, पण तऱ्हा तीच.

एक कळलं नाही. वरची पूर्वेची खोली सोडून तुम्ही ट्यूबलाइटच्या नादी का लागलात? त्या खिडकीत सकाळी उन्हाने पुस्तकांची पानं पिवळी पडायची! मी तिथेच केस वाळवत बसायची. त्या खिडकीचाही आकडा कळवा. दोन्ही मिळून काय होतं ते बघू.

इकडे सगळं झकास. नाटकाचे प्रयोग जोरात आहेत, घरी माणसांचा नुसता राबता. उसंत म्हणून नाही.

तुमची,
दिवेबाई

३ फेब्रुवारी

चि. दिवेबाईस,

आशीर्वाद.

मीटर पोचला. नवं घड्याळ मिळालेल्या पोरासारखी माझी अवस्था झाली आहे. दिसेल त्याला मीटर लावतो. जेवणाचं टेबल दोनशे दहा. आरसा एकशे साठ, म्हणजे मी रोज अंदाजानेच दाढी करतो. फ्रिजचं दार उघडून आतलाही उजेड मोजला, तर मागून एक बाई म्हणाल्या, “काय हरवलंय?” म्हटलं, “काही नाही, दुधाला वाचायला पुरतो का ते बघतोय.” हसल्या नाहीत.

आता कामाचं. ट्यूबखाली पानांच्या उंचीवर चारशे वीस आले. तू म्हणतेस पाच हजार, आणि मी त्यांना चारशेवर पोसत होतो! बिचाऱ्यांनी मान टाकली यात नवल काय. मग ट्रेखाली जाड पुस्तकं रचली आणि रोपं ट्यूबच्या नाकाशी नेली. आता मध्यभागी चार हजार सहाशे, कडेला तीन हजार. सगळ्यांना मधली जागा मिळावी म्हणून ट्रे सकाळ-संध्याकाळ फिरवतो. वाटणी करण्याची सवय जात नाही.

खिडकीचा आकडा मागितलास. दुपारी बारा वाजता, काचेला चिकटवून, एकशे चाळीस. खोटा आकडा लिहिण्याची सवय नाही म्हणून लिहिला. त्यावर फार विचार करू नकोस. खिडकीचं सोड, दिव्याचंच सांग.

वांग्याची एक ओळ आडवी पडली आहे. तिला काड्यांचा टेकू दिला आहे. जगेल असं वाटतं.

नाना

१२ फेब्रुवारी

ती. नानांस,

सा. न.

एकशे चाळीस! नाना, ढग भरून आले तरी त्या खिडकीत भर दुपारी तीन-चार हजारांच्या खाली जाणं शक्य नाही. एक तर घुमटीवरचं टोपण काढलेलं नाही, नाही तर मीटरची मोजायची पट्टी चुकली आहे. आकड्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘शंभरपट’ अशी खूण येते, ती दिसते का? ती असेल तर तुमचे एकशे चाळीस म्हणजे चौदा हजार. शेजाऱ्यांचे बांध बोटाबोटाने मोजणारा माणूस, आणि शंभरपटीने चुकतो!

मीटर उघड्यावर घेऊन जा आणि ऐन उन्हात धरा. ऐंशी हजारांच्या आसपास आले पाहिजेत. नाही आले तर मीटर बिघडलाय. माझ्या हातून तो एकदा शिडीवरून पडला होता.

चार हजार सहाशेवर रोपं जगतील, पण दणकट होणार नाहीत. म्हणून एक एलईडीचा पट्टा पाठवला आहे. वीतभर उंचीवर टांगा. चौदा तास चालू ठेवा आणि मग बंद करा, रोपांनाही झोप लागते. हळूहळू खाली आणा, एकदम नको. पानं वर वळायला लागली तर उजेड जास्त झालाय असं समजा.

गडबडीत आहे. बाकी पुढच्या वेळी.

दिवेबाई

२४ फेब्रुवारी

चि. दिवेबाईस,

आशीर्वाद.

तुझ्या सांगण्याप्रमाणे मीटर उन्हात नेला. अठ्ठ्याऐंशी हजार. मीटर शाबूत आहे. टोपण काढलेलं होतं, पट्टीही बरोबर होती.

तुझा पट्टा टांगला. आता पानांवर बारा हजार पडतात. रोपांनी चार-पाच दिवसांत माना सरळ केल्या. आडवी पडलेली ओळ मात्र गेली. टोमॅटोचं नवं पान निघालं, ते चांगलं काळसर हिरवं आहे आणि चुरगळलं तर बोटांना वास राहतो. मी उगाच एक चुरगळलं. दिवसभर हात नाकाशी नेत होतो.

आता माझी शंका. तुझी दोन्ही पत्रं परत वाचली. घरी माणसांचा राबता म्हणतेस, पण पत्रात एकही माणूस नाही. नट नाही, पडदा ओढणारा नाही, चहा देणारा नाही. नुसते दिवेच दिवे. पूर्वी तू नाटकाहून आलीस की तासभर सगळ्यांच्या नकला करायचीस आणि माई पोट धरून हसायची. तुला वेळ नाही हे समजतं. पण दुसरं काही असेल तर तेही लिही. म्हाताऱ्याला सांगितलेलं बाहेर जात नाही, कारण विचारायला कोणी येत नाही.

नाना

६ मार्च

ती. नानांस,

सा. न.

तुमचं पत्र येऊन आठवडा झाला. आधी हिशेब करत बसले, मग रागावले, मग रडले. म्हणून उशीर.

हिशेब असा. मीटर शाबूत आहे. तुम्ही चुकला नाहीत. म्हणजे एकशे चाळीस हाच खरा आकडा. आणि भर दुपारी काचेला चिकटवून एकशे चाळीस फक्त त्याच खिडकीत येतात, जिच्यापुढे हातभर अंतरावर भिंत असते आणि वर आभाळ दिसत नाही. आपल्या घराला अशी एकही खिडकी नव्हती. त्या घरातला प्रत्येक दिवा मी बसवलाय. मला खिडक्या माहीत आहेत.

फ्रिजशी भेटलेल्या बाई कोण? दारावरची पेटी दुरुस्त करायला दोन महिने लागतात का?

नाना, तुम्ही कुठे राहता?

मी विचारते म्हणजे मीही सांगायला हवं. नाटक कंपनी बंद पडली, त्याला दीड वर्ष झालं. आता मी एका कंपनीसाठी उजेड तपासत फिरते. गोदामं, तळघरातले गाड्यांचे तळ, इस्पितळांचे बोळ. मीटर धरायचा, आकडा लिहायचा, पुढच्या खांबाशी जायचं. दिवसभर लोकांना पुरेसा उजेड मिळतो की नाही ते बघते आणि ऊन मात्र सुट्टीच्या दिवशीच दिसतं. बरोबर कोणी नसतं. परवा तळघरात स्वतःशीच मोठ्याने आकडे बोलत होते, तर एक माणूस आपली गाडी सोडून लांबून वळसा घालून गेला.

घरी राबता नाही. एक खोली आहे. अजून दोन खोकी उघडलेली नाहीत. तुम्हाला काळजी नको म्हणून खोटं लिहिलं. तुम्हीही तेवढ्याचसाठी लिहिलं असेल, म्हणून रागावणं सोडून दिलं.

उत्तर द्या.

दिवेबाई

२ एप्रिल

ती. नानांस,

सा. न.

महिना होत आला, तुमचं पत्र नाही. मी खिडकीबद्दल विचारायला नको होतं का? तसं असेल तर नका सांगू. रोपांबद्दलच लिहा. खरी पानं किती फुटली? पट्टा किती खाली आणला? एवढंच लिहिलंत तरी पुरे.

दिवेबाई

९ एप्रिल

ताई,

स. न. वि. वि.

मी चष्मेवाला. तुमची दोन्ही पत्रं नानांना हातात दिली आहेत. पहिलं माझ्या दुकानातच वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि माझ्या आरशाचा उजेड मोजून निघून गेले. दुसरंही तसंच खिशात घातलं. तब्येत ठीक आहे. मन ठीक नाही.

झालं असं की दिव्याची वायर जमिनीवरून नेली होती, तीत अडकून एक गृहस्थ पडता पडता वाचले. व्यवस्थापिका बाईंनी दिवा काढून कपाटात ठेवला. बाईंचंही बरोबर आहे, तिथे सगळीच म्हातारी हाडं. पण रोपं पुन्हा वाकायला लागली आहेत आणि नाना कोणाशी भांडतही नाहीत. त्यांनी भांडणं सोडलं की मला भीती वाटते.

ते कुठे राहतात हे तुम्हाला सांगायचं नाही अशी त्यांनी मला शपथ घातली आहे, त्यामुळे मी सांगत नाही. माझ्या दुकानामागच्या रस्त्याला ज्येष्ठांचं निवासगृह आहे, फाटकातून आत गेलं की डावीकडे शेवटची खोली. हे मी बोललेलो नाही.

आपला,
चष्मेवाला

२१ एप्रिल

चि. दिवेबाईस,

आशीर्वाद.

तू आलीस आणि गेलीस. दिवसभर होतीस, पण आपण धड बोललोच नाही. तू शिडीवर, मी शिडी धरून. म्हणून राहिलेलं इथे लिहितो.

घर विकलं ते माझ्याच संमतीने. जिन्यात दोनदा पडलो. चिरंजीवांनी फोनवर विचारलं, “बाबा, चालेल ना?” मी म्हटलं चालेल. आजवर दुसऱ्यांच्या जमिनीवर खुणा रोवल्या, स्वतःच्या घरातून निघताना कुठे पाय अडखळला नाही, एवढीच शाबासकी घेतो. तुला कळवलं नाही, कारण ते घर तुझंही होतं. तू तिथे नांदली होतीस. वाटलं, निदान तुझ्या डोक्यात तरी ते उभं राहू दे, खिडकीत ऊन येऊ दे. तू उन्हाचा आकडा मागशील हे कुठे ठाऊक होतं!

आता त्या दिवसाचं. व्यवस्थापिका बाईंनी दारातच तुला विचारलं, “तुम्ही यांच्या कोण?” तू माझ्याकडे बघितलंस. मी चष्मा पुसायला लागलो. आणि तू खांद्यावरची पिशवी सावरून म्हणालीस, “मी दिवे बसवायला आलेय.” मग बाईंशी किती नीट बोललीस. खोलीतला प्लग बरोबर नाही, वायर भिंतीवरून न्यायला हवी, त्यापेक्षा रोपं दिवाणखान्यात ठेवा, तिथे कोणाच्या पायात येणार नाहीत. त्यांनी पटकन ऐकलं. पण ते वाक्य माझ्या पोटात राहिलं. तुझी गाडी सुटली. रिकामी शिडी जाग्यावर ठेवून आलो, तर खोली नेहमीपेक्षा मोठी वाटली.

रोपांचं सांगतो. दिवाणखान्यात रोपांचा आणि दिव्याचा रॅक ठेवल्यापासून गंमत झाली आहे. सहा नंबरच्या बाई पूर्वी नर्स होत्या. त्या कोणाशी बोलत नाहीत. फ्रिजशी मला विचारणाऱ्या त्याच. आता विणकाम घेऊन रॅकशेजारी येऊन बसतात. मी विचारलं, “रोपं आवडतात?” म्हणाल्या, “रोपांचं मला काय? इथे टाके दिसतात.” मीटर लावला. त्यांच्या सुयांवर नऊशे पडतात, त्यांच्या खोलीत एकशे दहा. त्यांचं बघून आणखी दोघांनी खुर्च्या ओढल्या. अजून कोणी फारसं बोलत नाही. पण खोकला आला तर दुसरा मान वर करतो.

आणि परवा व्यवस्थापिका बाई आल्या. म्हणाल्या, “नाना, त्या दिवेवाल्या बाई फार हुशार होत्या हो. त्यांचा नंबर द्या, जिन्यातलाही दिवा दाखवायचा आहे.”

मी म्हटलं, “ती दिवेवाली नाही. माझी सून आहे.”

“सून? सूनबाई तर परदेशात आहेत. मागे फोनवर दिसल्या की.”

“ती माझ्या मुलाची बायको. चांगली मुलगी आहे, तिच्याबद्दल मनात काही नाही. पण ही माझी सून.”

त्या गोंधळल्या. मग त्यांच्या लक्षात आलं. हळूच म्हणाल्या, “म्हणजे घटस्फोट झालेल्या?”

“घटस्फोट त्या दोघांचा झाला,” मी म्हटलं. “मला कोणी विचारलं नव्हतं.”

एवढं मोठ्याने बोललो असेन असं वाटलं नव्हतं, पण विणकामाच्या सुया थांबल्या. मला कमी ऐकू येतं तरी ते कळलं. व्यवस्थापिका बाईंनी हातातली वही मिटली. मग म्हणाल्या, “पाहुण्यांची खोली नातेवाइकांसाठी असते. आधी सांगितलं असतंत, तर त्यांना रात्रीच्या गाडीने जाऊ दिलं नसतं.” आणि दारातून वळून, “जिन्यातला दिवा बघतील ना त्या?”

मी म्हटलं, “विचारून सांगतो.”

म्हणून विचारतो आहे.

नाना

२ मे

ती. नानांस,

सा. न.

तुमचं पत्र मी एका गोदामात, खोक्यावर बसून वाचलं. तिथला रखवालदार डबा खात होता. त्याने विचारलं, “वाईट बातमी आहे का?” माझा चेहरा तसा झाला असणार. मी म्हटलं, “नाही. सासऱ्यांचं पत्र आहे.” तो म्हणाला, “या जमान्यात सासरे पत्र लिहितात?” मग मी त्याला तुमची फ्रिजची गोष्ट सांगितली. दुधाला वाचायला पुरतो का, हे त्याला भयंकर आवडलं. मी तुमची नक्कलही केली. बरी जमली. नकला करून किती दिवस झाले होते ते तेव्हा कळलं.

संध्याकाळी खोलीवर आले. जिना चढताना नेहमी शेजारच्या दारापलीकडून भांड्यांचे आवाज येतात आणि मी कुलूप काढेपर्यंत ते ऐकत उभी राहते. आजही राहिले. आत आल्यावर इथे बोलायला कोणी नव्हतंच. पत्र पुन्हा काढलं आणि ‘माझी सून’ असलेल्या त्या दोन ओळी मोठ्याने वाचल्या. तेवढ्याने खोली काही भरली नाही. पण मी कपडे न बदलता तशीच बराच वेळ बसून होते, आणि ते बसणं रोजच्यासारखं नव्हतं.

रोपं आता बाहेर काढायला हवीत, नाना. घरातली पानं उन्हाला भितात. पहिल्या दिवशी तासभर सावलीत, मग रोज थोडं थोडं वाढवा. कुंपणाशी कुठे किती ऊन पडतं ते मोजून ठेवा. सहा नंबरच्या बाईंना हाताशी घ्या, आकडे सांगायला कोणी तरी लागतं.

शनिवार-रविवार सुट्टी मिळाली आहे. पाहुण्यांची खोली माझ्यासाठी ठेवायला सांगा. जिन्यातला दिवा बघते, शिडी तुम्ही धरायची नाही, रागवा हवं तर. शनिवारी दुपारच्या गाडीने येते आहे, पोचायला तीन वाजतील, तेव्हा जेवायला थांबू नका.

पत्र पाकिटात घालता घालता परत उघडलं. तुम्ही थांबणारच. सकाळची गाडी पकडते.

तुमची सून